टेकनचे स्टेज: देखावा की लढतीचा भाग?

टेकन या दोघांच्या लढतीच्या व्हिडिओ गेम मालिकेतल्या टेकन ३ वर हात बसलेला असताना टेकन ८ घेतला, तर स्टेजमध्ये, म्हणजे लढतीच्या मैदानांमध्ये, देखाव्यापलीकडे काही बदललेले दिसेल का आणि एकूण ऐवज, म्हणजे पात्रे आणि स्टेज वगैरे, वाढला आहे का, असे आपण विचारले आहे. देखावा बदलला आहेच. पण खरा फरक जमीन कुठे संपते यात आहे.

१९९७ च्या टेकन ३ मध्ये जमिनीला अंतच नव्हता. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या गेम पार्लरमध्ये ताशी पैसे भरून आम्ही तो खेळायचो, तेव्हा सतत मागे सरकणाऱ्याला गाठायचे कसे, हेच मोठे कोडे असे. २००१ च्या टेकन ४ ने भिंती आणून ते सोडवले, पण त्याच बरोबर जमीनही उंचसखल केली आणि काही स्टेजमध्ये खांबही उभे केले. त्यामुळे सपाटीवर पूर्ण बसणारा कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या फटक्यांची मालिका, उतारावर अर्ध्यातच तुटू लागला. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात कुस्तीआधी हौदातली माती उकरून सारखी करतात ती उगाच नव्हे; डाव पैलवानाचा दिसला पाहिजे, खड्ड्याचा नव्हे. टेकन ४ मध्ये नेमके हेच बिघडले होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२००४ च्या टेकन ५ ने भिंती ठेवल्या, जमीन पुन्हा सपाट केली आणि चांदण्यातल्या फुलांच्या माळासारखे काही स्टेज मोकळे सोडले. हा तोल मला अजूनही सर्वांत योग्य वाटतो. टेकन ६ पासून जमीन फुटून दोघे खेळाडू खालच्या मजल्यावर पडू लागले आणि तिथेही कॉम्बो पुढे चालवता येऊ लागला. टेकन ७ मध्ये स्टेजच्या कडेचा कठडाही तुटतो. म्हणून आज स्टेज कोणता लागला आहे हे पाहूनच शेवटचे दोन-तीन फटके ठरवावे लागतात. टेकन ३ मध्ये ही गरजच नव्हती.

ऐवजाचे मोजमाप मात्र नुसत्या आकड्यांनी करू नये. टेकन ८ जानेवारी २०२४ मध्ये ३२ पात्रे आणि १६ स्टेज घेऊन आला, ही संख्या टेकन ३ पेक्षा बरीच मोठी आहे. परंतु टेकन ३ मधली बहुतेक दडलेली पात्रे खेळून मिळत असत, आणि प्लेस्टेशन २ वरील टेकन ५ च्या एकाच डिस्कमध्ये पहिल्या तिन्ही भागांच्या आर्केड (पार्लरमधल्या यंत्रांवरच्या) आवृत्त्या दिलेल्या होत्या; टेकन ८ मध्ये नंतर आलेली पात्रे आणि काही स्टेज यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. टेकन ३ मधला चेंडूचा खेळ, म्हणजे टेकन बॉल, टेकन ८ मध्ये परत आला आहे, याचा आपल्याला नक्कीच आनंद होईल.

घेतलात तर पहिला आठवडा सराव भिंतीजवळच करावा. मोकळ्या जागेतली आपली सवय पक्की आहे. पाठ भिंतीला टेकल्यावर बाजूला निसटायचे कसे, हे मात्र नव्याने शिकावे लागेल.