हार्मोनवाली तांबी बसवल्यावर पाळी थांबली, तर घाबरायचं का?

नाही, पाळी कमी होत जाणं किंवा पूर्ण थांबणं हा या तांबीचा अपेक्षित परिणाम आहे. रक्त आत साचून राहत नाही. (नावाला तांबी, तांबं त्यात नसतंच.) टी-आकाराच्या त्या प्लॅस्टिकमधून लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन रोज थोडं थोडं झिरपतं आणि गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं. अस्तर वाढलंच नाही, तर बाहेर पडणार काय? पहिले 3 ते 6 महिने मात्र अधूनमधून डाग दिसतात, तेवढा धीर धरा. काढल्यावर पाळी परत येते. फक्त मळमळ, ओटीपोटात दुखणं असेल किंवा तांबीचा योनीतला दोरा हाताला लागत नसेल, तर गर्भचाचणी करून लगेच डॉक्टरांना दाखवा: तांबी क्वचितच फसते, पण फसली तर गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत असू शकतो.