विचारा, सांगतो: जांभळा खडा पिवळा कसा पडला?

प्रश्न: आईची सोन्याची अंगठी आहे, मध्ये गडद जांभळा अ‍ॅमेथिस्ट. मला घट्ट व्हायची म्हणून माप वाढवायला दिली. परत आली तर खडा फिकट आणि एका कडेला पिवळसर. खडा बदलला असेल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, लगेच भांडायला जाऊ नका. बदलायचाच असता तर निदान रंगाला रंग जुळवून तरी बसवला असता. अर्धवट पिवळा कोण बसवील? मला वाटतं खडा आईचाच आहे, फक्त भाजलाय.

माप वाढवताना अंगठी मागून कापतात, मध्ये सोन्याचा तुकडा घालतात आणि डाख देतात. डाख वितळायला 600-700 अंशांच्या पुढं जावं लागतं, आणि सोन्यातून ती धग सरळ कोंदणात पोचते. अ‍ॅमेथिस्ट हा गारगोटीच्याच घराण्यातला. त्याचा जांभळा रंग आतल्या किंचित लोखंडामुळं आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळं आलेला. 400-500 अंशांच्या आसपास तो उतरतो, खडा पिवळा किंवा तपकिरी पडतो. पुष्कराजाचं उपरत्न म्हणून ‘सुनेला’ नावाचा पिवळा खडा (सिट्रीन) विकतात ना, त्यातला बराचसा मुद्दाम भाजलेला अ‍ॅमेथिस्टच असतो. तुम्हाला तो न मागता मिळाला.

तरी शंका राहिली तर गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, कुणाकडंही दहापट भिंग मागा आणि खड्याच्या पैलूंच्या कडा बघा. घरातल्या धुळीतही गारगोटीची पूड असते, तिचा कठीणपणा याच्याइतकाच, मोह्सच्या मापावर 7. रोज वापरलेल्या जुन्या खड्याच्या कडा त्यामुळं बोथट, जागोजागी टवके उडालेल्या दिसतात. नवा खडा धारदार असतो. आत एखादी बारीक चीरही शोधा. गरम अंगठी तशीच पाण्यात किंवा तेजाबात टाकली की ती पडते.

गेलेला रंग घरच्या कुठल्याही उपायानं परत येत नाही. चूक मात्र कारागिराचीच: खडा आधी काढायचा, मग डाख. नवा खडा त्याच्याच खर्चानं बसवून मागा, अजिबात संकोच नको. एकोणिसाव्या शतकात ब्राझीलमध्ये मोठे साठे मिळाल्यापासून हा खडा स्वस्तच आहे. पण भाजलेला खडा टाकू नका, मागून घ्या. आईचा आहे.

प्रश्न: सुनेसाठी कोल्हापुरी साज करतोय. माणकाच्या पानात अ‍ॅमेथिस्ट बसवला तर चालेल का?
– एक वाचक, हुपरी

बसेल, पण मी बसवणार नाही. साजाच्या 21 पानांत एक माणकाचं, एक पाचूचं. लाल-हिरव्याची ती जोडी बघणाऱ्याच्या डोळ्यात बसलेली आहे. जांभळ्याची हौस असेल तर कानातले वेगळे करा. आणि खऱ्याचा हट्ट असेल तर पावतीवर ‘नैसर्गिक’ असं लिहून घ्या, कारण कारखान्यात वाढवलेला अ‍ॅमेथिस्टही क्वार्ट्झच, म्हणजे गारगोटीच असतो, नुसत्या भिंगानं तो ओळखेनच असं मीही छातीठोक सांगत नाही. कानातले देवघरापाशी खिडकीतल्या उन्हात मात्र ठेवू देऊ नका, काही खडे उन्हानं हळूहळू फिके पडतात.