नवतपातला हॉर्न: कारण ऊन की आणखी काही?

तुमचा प्रश्न: नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरच्या सिग्नलवर लोक जास्त हॉर्न वाजवतात, ते ऊन डोक्यात गेल्यामुळेच का, आणि हे शास्त्रज्ञ कसं ठरवतात?

लोकांना विचारून तर नक्कीच नाही. 1968 मध्ये डूब आणि ग्रॉस या संशोधकांनी कॅलिफोर्नियात हिरवा दिवा लागल्यावरही गाडी मुद्दाम उभी ठेवली. जुनाट गाडीमागे जास्त जणांनी हॉर्न वाजवला, नव्या महागड्या गाडीमागे कमी. प्रश्नावलीत मात्र पुरुष विद्यार्थ्यांनी उलटंच सांगितलं होतं. माणूस स्वतःच्या वागण्याचं कारण मनापासून सांगतो, तरी ते चुकतं. म्हणून आधी वागणं मोजायचं.

मोजायचं म्हणजे काय, तेही आधी लिहून ठेवावं लागतं. ‘चिडणं’ मोजता येत नाही. हिरवा दिवा लागल्यापासून पहिला हॉर्न किती सेकंदांनी वाजला, हे मोजता येतं. नोंदी दोघांनी वेगवेगळ्या घ्यायच्या. ‘हॉर्न वाजला की नाही’ यावर दोघांचं 100 पैकी 90 वेळा जुळलं, तर छान वाटतं. पण दोघंही 90 वेळा ‘हो’च लिहीत असतील, तर नुसत्या योगायोगानेच 82 वेळा जुळेल. हा योगायोगाचा वाटा वगळून जुळणी मोजणारा ‘कप्पा’ (kappa) नावाचा आकडा, जो सगळं जुळलं तर 1 असतो, मग जेमतेम 0.44 येतो. अशा नोंदींवर मी तरी पुढचं काही उभारणार नाही.

आता कारण. अमेरिकेतल्या फिनिक्स या कडक उन्हाच्या शहरात 1986 मध्ये केनरिक आणि मॅकफार्लेन या संशोधकांना तापमान वाढलं की हॉर्न वाढतात असं दिसलं, आणि खिडक्या उघड्या असलेल्या गाड्यांमध्ये हा संबंध जास्त ठळक होता. एसी लावून बसलेल्याला ऊन कमी लागतं, म्हणून हा पुरावा वजनदार. तरीही ज्याच्याकडे एसी नाही, त्याचं उत्पन्न, काम, घाई सगळंच वेगळं असू शकतं.

नागपुरात तर गुंता आणखी. मे महिन्यात शाळा बंद, गर्दी वेगळी. भर दुपारी बरेच सिग्नलच बंद ठेवतात, म्हणजे नेमक्या सर्वांत तापलेल्या तासांच्या नोंदी हाती येत नाहीत. शिवाय 45 अंशांत जो बाहेर पडतो, तो नाइलाजानेच पडतो. म्हणून जानेवारी आणि मे यांची नुसती तुलना काहीच सिद्ध करत नाही.

ऊन आपल्या हातात नाही, सावली आहे. सिग्नलवर दुचाकीवाल्यांसाठी हिरवी जाळी बांधतात ना, तिचाच प्रयोग करायचा. गर्दी आणि सिग्नलची वेळ सारखी असलेल्या चौकांच्या 10 जोड्या लावायच्या. प्रत्येक जोडीत जाळी कुठे बांधायची ते नाणं उडवून ठरवायचं, ‘इथे जास्त गरज आहे’ असं म्हणून नाही. नाणेफेकीचं महत्त्व इथेच आहे: जे फरक आपल्या लक्षातही आलेले नाहीत, तेही कुठल्या एका बाजूला झुकवले जात नाहीत. नोंद करणाऱ्याला जाळी दिसली तर त्याचा कान बदलतो. म्हणून आवाज रेकॉर्ड करायचा आणि चौकाचं नाव काढून, क्लिपा पिसून त्याला ऐकवायच्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते मोजदादीत. एका चौकात हिरवा दिवा 500 वेळा लागला, म्हणजे 500 स्वतंत्र नोंदी झाल्या असं नव्हे. नाणं चौकासाठी उडवलं, म्हणून हिशेबही चौकांचाच: 20 चौक, 10 जोड्या. आणि फरक निघालाच, तरी त्यातून सावलीचा परिणाम कळेल. तो उकाडा कमी झाल्यामुळे की डोळ्यांवरची तिरीप गेल्यामुळे, यासाठी पुढचा प्रयोग वेगळा लावावा लागेल.