बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला निघण्याआधी

तुझे तीन प्रश्न होते. अकरावीतच गणित सोडलंय, तर परदेशात बायोकेमिस्ट्री आणि बायोटेक्नॉलॉजीच्या पहिल्या वर्षात अडेल का? लॅबमध्ये हात फारसा बसलेला नाही, त्याचं काय? आणि निघेपर्यंत जे काही आठवडे हाताशी आहेत, त्यांत विषयाचं जाडजूड पाठ्यपुस्तक वाचून काढावं का? मी हाच विषय परदेशात शिकलो आणि नंतर पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल्सही घेतली, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू बघितल्यात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको वाचूस.

पहिल्या वर्षात मुलं ज्यावर अडतात, ते त्या पुस्तकात शिकवलेलंच नसतं, ते येतं असं गृहीत धरलेलं असतं. डीएनए, पेशी, प्रतिकारशक्ती यांच्या ओढीने माणूस येतो आणि पहिल्या सहामाहीत समोर येतं सामान्य रसायनशास्त्र, ऑरगॅनिक, गणित किंवा सांख्यिकी, कुठे कुठे भौतिकशास्त्रही. बायोकेमिस्ट्री नावाचा जो पेपर असतो, तोसुद्धा पाणी, पीएच, बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण) आणि अमिनो आम्लांपासून (प्रथिनांचे घटक) सुरू होतो. जनुकं कापायची-जोडायची वेळ बरीच नंतर येते. हे आधी माहीत नसलं की ‘आपण चुकीच्या कोर्सला आलो’ असं वाटायला लागतं.

आता गणित. घाबरण्याइतकं नाही, पण ‘बघू तिकडे गेल्यावर’ म्हणण्याइतकंही सोपं नाही. कॅल्क्युलस किती लागेल ते विद्यापीठावर अवलंबून आहे. रोज लागतं ते वेगळंच: गुणोत्तर, घातांक, लॉग, समीकरणातलं हवं ते अक्षर एका बाजूला आणणं आणि सरळ रेषेच्या आलेखाचा चढ काढणं. त्यातही एककं. आपलं डोकं लाख-कोटीत चालतं. इथे सगळं हजाराच्या पायऱ्यांनी खाली उतरतं: मिली, मायक्रो, नॅनो, पिको. एका पायरीची चूक म्हणजे हजारपट चूक, आणि प्रयोगात ती दिसतही नाही. फक्त काहीच घडत नाही.

एक गणित देतो, कॅल्क्युलेटर न घेता कर. १ मोलर (लिटरमागे १ मोल) ट्रिस या नेहमीच्या बफरची बाटली आहे. तुला ५० मिलिमोलरचे २५० मिलिलिटर हवेत. किती घेशील? १ मोलर म्हणजे १००० मिलिमोलर, म्हणजे २० पट पातळ करायचं. २५०चा विसावा भाग १२.५ मिलिलिटर. त्यात पाणी एकूण २५० होईपर्यंत घालायचं, वरून २५० ओतायचं नाही. हे अर्ध्या मिनिटात जमलं तर तू वर्गातल्या बऱ्याच जणांच्या पुढे आहेस. मग उलट दिशेने कर: ट्रिसचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वजन, १२१.१४ ग्रॅम, तर ०.५ मोलर द्रावणाचे ५०० मिलिलिटर करायला किती पूड तोलशील? साधारण ३०.३ ग्रॅम. अशी गणितं रोज दहा-पंधरा केलीस की पुरे.

जाता जाता एक बारीक गोष्ट. जर्मनीसारख्या काही देशांत दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात. ०,५ म्हणजे अर्धा आणि १.००० म्हणजे एक हजार. संगणकावरच्या स्प्रेडशीटची भाषाही तशीच असते, आणि मग आलेख वेडावाकडा येतो. आपण कुठे आहोत ते पहिल्याच दिवशी बघून घे.

लॉगची गरज पीएचमुळे. पीएच एकाने उतरला की हायड्रोजन आयनं दहापट वाढतात, एवढं तुला येत असेल. पुढची पायरी हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरण. ते पाठ करण्यापेक्षा त्याचं म्हणणं समजून घे: पीएच आणि पीकेए (आम्ल प्रोटॉन किती सहज सोडतं याचा आकडा) सारखे असतील तेव्हा आम्लाचे निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात आणि निम्म्यांनी तो सोडलेला असतो, एका अंकाचा फरक पडला की प्रमाण दहास एक होतं. हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या बाजूच्या साखळीचा पीकेए ६च्या आसपास आहे. पेशीतला पीएच ७च्या जवळपास, त्यामुळे तो प्रोटॉन घेऊही शकतो, देऊही शकतो. म्हणून इतक्या एन्झाइमांच्या (पेशीतल्या रासायनिक क्रियांना वेग देणारी प्रथिनं) सक्रिय जागी हिस्टिडिन सापडतो. रसायन आणि जीवशास्त्र एकमेकांना भेटतात ते असल्या ठिकाणी, आणि मला विचारशील तर विषयातली गंमत इथेच सुरू होते.

बफरबद्दल आणखी एक, कारण ते पुस्तकात तळटीपेत असतं आणि लॅबमध्ये रोज भेटतं. ट्रिसचा पीकेए तापमानाबरोबर बदलतो, दर अंशाला साधारण ०.०३ने. २५ अंशांना ७.५वर नीट लावलेला बफर ४ अंशांच्या थंड खोलीत नेलास की तो ८.१च्या आसपास जातो. ज्या तापमानाला वापरायचा, त्याच तापमानाला पीएच लावायचा.

पाठांतराबद्दल माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. वीस अमिनो आम्लं खरोखर पाठ कर: रचना, एकाक्षरी खूण, कुणावर कोणता विद्युतभार, कोण पाण्याला घाबरतं. त्यांच्याशिवाय पुढचं एक वाक्यही वाचता येत नाही. ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज मोडण्याच्या, दहा पायऱ्या मात्र आत्ता घोकू नकोस. एवढंच विचार, की एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) कुठे खर्च होतो (पहिल्या आणि तिसऱ्या पायरीला), कुठे परत मिळतो (सातव्या आणि दहाव्या) आणि एका ग्लुकोजमागे हातात काय उरतं: दोन एटीपी आणि दोन एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू). मधली नावं शिकवताना आपोआप बसतात.

एन्झाइमांचा वेग हा दुसरा अडथळा. मिकाएलिस आणि मॉड मेंटन यांचं समीकरण १९१३चं, पण परीक्षेत दरवर्षी ताजं. सबस्ट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करतं तो पदार्थ) ‘केएम’ या त्या एन्झाइमच्या ठरावीक आकड्याइतकं असेल तेव्हा वेग कमाल वेगाच्या निम्मा, दहापट केलंस तरी तो ९१ टक्क्यांवरच पोचतो. हा वाकडा आलेख सरळ करायची युक्ती लाइनवीवर आणि बर्क यांनी १९३४मध्ये दिली: दोन्ही बाजूंचे व्यस्त घ्यायचे. ती शिकवतात, विचारतातही, पण तिची खोड ओळखून ठेव. सगळ्यात मंद आणि म्हणून सगळ्यात अविश्वसनीय मोजमापं त्या रेषेवर सगळ्यात जास्त वजन टाकतात. आता संगणक थेट वक्रच जुळवतो. तोंडी परीक्षेत हे कारण सांगता आलं तर समोरचा खूश होतो.

लॅबची काळजी तू उगाच करतेयस. पहिल्या वर्षाला कुणालाच काही येत नाही, हे धरूनच आखणी असते. मायक्रोपिपेटपासून (अगदी थोडा द्रव मोजून उचलायचं साधन) शिकवतात. बटणाला दोन थांबे असतात: पहिल्या थांब्यापर्यंत दाबून टोक द्रवात बुडवायचं, सावकाश सोडायचं; रिकामं करताना दुसऱ्या थांब्यापर्यंत. टोकात द्रव असताना पिपेट आडवा ठेवायचा नाही. हात बरोबर बसलाय का ते तराजूवर कळतं, कारण १००० मायक्रोलिटर पाणी जवळजवळ १ ग्रॅम भरतं.

खरं महत्त्व वहीला आहे. पेनाने लिहायचं, तारीख घालायची, पान फाडायचं नाही, चुकलेलं एका रेघेने खोडायचं म्हणजे खालचं वाचता येतं. आणि जे झालं तेच लिहायचं. जेलवर पट्टी (डीएनए किंवा प्रथिन असल्याची खूण) आली नाही तर ‘आली नाही’ लिहून, पॉझिटिव्ह कंट्रोल (हमखास चालायला हवा असा नमुना) चालला होता का, नसेल तर कुठे बिनसलं असावं, याची चर्चा केलीस तर गुण मिळतात. शेजाऱ्याचा सुंदर आलेख उतरवून घेतलास तर गुण तर जातातच, वर चौकशीही होऊ शकते. जोडीने केलेल्या प्रयोगाचे आकडे दोघांचे असतात, मजकूर ज्याचा त्याने लिहायचा. अहवाल साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातात. मी तपासत होतो तेव्हा दरवर्षी एखादी जोडी सापडायचीच, आणि बहुतेकांना आपण काही गैर केलंय हेच माहीत नसायचं.

निघायची तारीखही लॅबवरूनच ठरते. प्रॅक्टिकल सुरू होण्याआधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण असतं, आणि ते केल्याशिवाय बहुतेक ठिकाणी लॅबमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत. लेक्चर बुडलं तर नोट्स मिळतात, प्रॅक्टिकलचं तसं नसतं. हजेरी सहसा सक्तीची. विमानाचं तिकीट लेक्चरच्या नव्हे, त्या प्रशिक्षणाच्या तारखेवरून ठरव. अर्धवेळ नोकरी करायचा विचार असेल तर आधी वेळापत्रक हातात येऊ दे, कारण प्रॅक्टिकल सलग तीन-चार तास चालतं आणि एन्झाइम तुझ्या शिफ्टसाठी थांबत नाही.

बायोटेक्नॉलॉजीचा भाग सुरुवातीला गोष्टीरूपात येतो. १९७३मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी जोडलेला डीएनए जिवाणूत वाढवून दाखवला, १९८२मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन औषध म्हणून मंजूर झालं. पीसीआर (डीएनएच्या भराभर प्रती काढायची पद्धत) १९८३चा, आणि त्यात लागणारं उष्णता सोसणारं एन्झाइम गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूकडून आलं. ३० चक्रांत एका रेणूचे जास्तीत जास्त १०७ कोटी होतात, हे दोनाच्या घातांनी स्वतः काढून बघ. पण या शाखेचा दुसरा चेहरा इंजिनिअरिंगचा आहे: हजारो लिटरच्या टाकीत ऑक्सिजन कसा पोचवायचा, उष्णता कशी काढायची. म्हणून कोर्सच्या नावावर जाऊ नकोस, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या विषयांची यादी उघड. टाक्या आणि प्रक्रिया जास्त दिसल्या तर तो बायोटेक. प्रथिनांची रचना आणि चयापचय जास्त असेल तर बायोकेमिस्ट्री. पुढे विषय बदलता येतो का, हे फी भरण्याआधी लेखी विचार.

पुस्तकं सामानात भरू नकोस. लायब्ररीत असतात, बऱ्याचदा ऑनलाइनही. कॅल्क्युलेटर मात्र परीक्षेत कुठलं मॉडेल चालतं ते विभागाच्या नियमांत बघून तिकडेच घे.