संशोधन सोडावं लागेल का?

प्रश्न : माझी मुलगी सैद्धांतिक भौतिकशास्त्रात पीएच.डी. करतेय. तिला अण्वस्त्र नियंत्रणाच्या कामात उतरायचंय. त्यासाठी संशोधन सोडावं लागेल का? आणि समीकरणं मांडणाऱ्या माणसाचा तिथे उपयोग काय?

उत्तर : सोडावं लागत नाही. हे मी अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ सिडनी ड्रेल यांच्याकडे बघून सांगतोय. क्वांटम फील्ड थिअरी, म्हणजे मूलकणांचं गणित, मी त्यांच्या आणि ब्योर्केन यांच्या पुस्तकांतून शिकलो, पुढे शिकवलीही. त्यांचं दुसरं, अण्वस्त्र नियंत्रणाचं काम मला बऱ्याच उशिरा कळलं. आज मला ते तितकंच मोठं वाटतं.

१९६०च्या दशकात अमेरिकेचे ‘कोरोना’ नावाचे हेर उपग्रह सोव्हिएत भूमीचे फोटो फिल्मवर काढत. फिल्मची डबी पॅराशूटने खाली यायची आणि विमान ती हवेतच पकडायचं. पण निर्वातात कॅमेऱ्याच्या रोलरांवरून सरकताना फिल्मवर विद्युतभार साचायचा, ठिणगी उडायची आणि चित्रावर रेघा उमटायच्या. हा गुंता सोडवायला ड्रेल बसले होते. काम किरकोळ वाटेल. पण अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणारा १९७२चा सॉल्ट करार झाला तो उपग्रहांच्या भरवशावरच. समोरच्याची क्षेपणास्त्रं मोजता येत नसतील, तर सही करणार कोण?

आणि १९७० मध्ये याच माणसाने तुंग-मौ यान यांच्यासोबत क्वार्क आणि प्रतिक्वार्क या मूलकणांपासून लेप्टॉनची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जातीच्या कणांची, जोडी कशी तयार होते ते मांडलं. ही ड्रेल-यान प्रक्रिया आजही कोलायडरवर, म्हणजे कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रांवर, अभ्यासतात.

१९९५ मध्ये प्रश्न आला : अगदी छोटे अणुचाचणी स्फोटही बंद केले, तर अमेरिकेची अस्त्रं भरवशाची राहतील का? ड्रेल यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या ‘जेसन’ गटाने तपासून सांगितलं, राहतील. त्याच ऑगस्टमध्ये क्लिंटन यांनी संपूर्ण बंदीला पाठिंबा दिला. १९९६ मध्ये सीटीबीटी, म्हणजे सर्व अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार, सह्यांसाठी खुला झाला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सिनेटने तो फेटाळला, याची खंत मला अजून वाटते.

मतभेदांचीही तयारी हवी. १९८३ मध्ये गॉर्की शहरातल्या हद्दपारीतून सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ सखारोव्ह यांनी ड्रेल यांना जाहीर पत्र लिहिलं. दोघे जिवाभावाचे मित्र, तरी अमेरिकेच्या एमएक्स या अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांबद्दल सखारोव्ह यांनी आपलं वेगळं मत त्यात स्पष्ट मांडलं.

सुरुवात तिने भूकंपलेखांपासून, म्हणजे जमिनीच्या कंपनांच्या नोंदींपासून करावी; चोरून केलेली अणुचाचणी त्यांतूनच ओळखता येते. भूमिगत स्फोटात पृष्ठभागावरून जाणाऱ्या पृष्ठलहरींच्या मानाने पी-लहरी, म्हणजे जमिनीच्या आतून सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरी, जोरकस असतात, भूकंपात तशा नसतात. असं का, हे तिने स्वतः गणित मांडून काढावं. पीएच.डी. सांभाळून होण्यासारखं आहे.