‘खास डबे’: नापाम आणि फ्रान्सची वसाहतयुद्धे

व्हिएतनाम आणि नापाम म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. तिच्याआधी फ्रेंचांनी तिथे हेच अस्त्र वापरले होते, असे मागच्या लेखात ओघाने लिहिले आणि बरेच प्रश्न आले. त्यांतले काही घेतो.

नापाम म्हणजे पेट्रोलच ना? मग त्याची एवढी दहशत का?

पेट्रोल भडकते आणि लगेच संपते. १९४२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात लुई फीझर यांच्या चमूने त्यात ॲल्युमिनियमचे साबण कालवून चिकट जेली तयार केली. ती जिथे पडेल तिथे चिकटून जळत राहते. अंगावर पडली तर झटकता येत नाही, पुसायला जावे तर आणखी पसरते. भाजणे कातडीवर थांबत नाही, खालच्या मांसापर्यंत जाते. खंदकात दडलेल्याला ज्वाळेने गाठले नाही तरी कार्बन मोनॉक्साइड गाठतो.

फ्रेंच लढाऊ विमाने ते टाकत कशी? जेट विमाने होती का?

इंडोचायनात, म्हणजे आजच्या व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात, नव्हती. तिथे लढली ती पंख्याची विमाने: किंगकोब्रा, हेलकॅट आणि १९५१ पासून बेअरकॅट. तिन्ही अमेरिकन बनावटीची. पंखाखाली जादा इंधनाची टाकी लावतात तशीच पातळ पत्र्याची टाकी जेलीने भरायची. तिला स्थिर ठेवणारी शेपटी नसल्यामुळे सुटल्यावर ती कोलांट्या खात पडे. नेम साधायचा तर वैमानिकाला अगदी खाली, मशीनगनच्या टप्प्यात यावे लागे. टाकी फुटली की फॉस्फरस जेली पेटवी आणि विमान ज्या दिशेने जात असेल त्याच दिशेने आगीचा लांब पट्टा पसरे.

नापामने फ्रेंचांना एक मोठी लढाई जिंकून दिली असे वाचले. मग ते युद्ध हरले कसे?

ती लढाई व्हिन येनची, जानेवारी १९५१. हनोईच्या वायव्येला, लाल नदीच्या सपाट खोऱ्यात. फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणाऱ्या व्हिएत मिन्ह या संघटनेचे सेनापती जनरल ज्याप यांनी आपल्या तुकड्या उघड्यावर, लाटांमागून लाटा अशा सोडल्या. फ्रेंच सेनापती जनरल द लात्र यांनी मिळेल ते विमान जुंपले. त्या युद्धातला तोवरचा सर्वांत मोठा हवाई मारा तो हाच. हजारो माणसे मेली. फ्रेंचांनी सुमारे ६,००० चा आकडा सांगितला. तो जिंकणाऱ्याचा आकडा आहे, हे विसरू नये.

पण ज्याप शिकले. १९५४ मध्ये दिएन बिएन फू इथल्या फ्रेंच तळाभोवती त्यांनी तोफा डोंगरउतारांच्या पोटात खणून बसवल्या. फ्रेंचांनी सी-११९ मालवाहू विमानांतूनही नापाम ओतले, तरी ओलसर जंगल हवे तसे पेटले नाही. तळाच्या धावपट्टीवरची बेअरकॅट पहिल्या काही दिवसांतच तोफांनी निकामी झाली. हनोईहून येणाऱ्यांना सुमारे ३०० किलोमीटर उडून यावे लागे आणि लक्ष्यावर थोडाच वेळ मिळे. ७ मे रोजी तळ पडला.

अल्जीरियातही वापरले का? फ्रान्स तर नाही म्हणत होता.

वापरले, आणि मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा भाग हाच आहे. १९५४ ते १९६२ या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ऑरेस आणि काबिलीच्या डोंगरांत ते पडले. आधी थंडरबोल्ट, पुढे १९६० पासून स्कायरेडर अशी विमाने तिथे होती. जाहीरपणे मात्र इन्कार होत राहिला. लष्करी कागदांत त्याला ‘बिदाँ स्पेसिओ’, म्हणजे ‘खास डबे’ म्हणत. मुळात युद्धालाच युद्ध म्हणायचे नव्हते, ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ म्हणायचे. ‘अल्जीरियाचे युद्ध’ हा शब्द फ्रेंच कायद्यात यायला १९९९ उजाडले. मोठे प्रदेश ‘निषिद्ध’ जाहीर करून तिथल्या वस्त्या उठवल्या होत्या. त्यानंतर तिथे दिसलेला माणूस शत्रूच धरला जाई. गुराखीसुद्धा. वरून पाहणाऱ्याला फरक कळायचा कसा?

तेव्हा भारताची भूमिका काय होती?

१९५४ मध्ये फ्रेंच सैनिकांना इंडोचायनात नेणाऱ्या अमेरिकी विमानांना नेहरू सरकारने आपल्या हद्दीवरून उडू दिले नाही. इंडोचायनातले युद्ध थांबवणाऱ्या जिनिव्हा करारानंतरच्या देखरेख आयोगाचे अध्यक्षपदही भारताकडे होते.

आता नापामवर बंदी आहे ना?

सरसकट नाही. काही अस्त्रांवर निर्बंध घालणाऱ्या १९८० च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या पुरवणी करारानुसार नागरी वस्तीतल्या लष्करी लक्ष्यावर विमानातून आग लावणारी अस्त्रे टाकता येत नाहीत. भारताने तो १९८४ मध्ये स्वीकारला, फ्रान्सने २००२ मध्ये. मात्र वस्तीपासून दूर, उघड्यावरच्या सैनिकांवर टाकायला त्यात मनाई नाही. जंगल पेटवायला मनाई आहे, पण त्याच्या आडोशाला सैनिक लपले असतील तर तीही उठते.