टर्कीसाठी एफडी मोडू का? फलटणजवळच्या एका ताईंना उत्तर

ताईंचं पत्र थोडक्यात असं. वय 34, घरी शिवणकाम, महिन्याला सहाएक हजार सुटतात. मिस्टर खासगी कारखान्यात. परसात 15 गावठी कोंबड्या. दोन लाखांची एफडी आहे ती मोडून मांसासाठी टर्की पक्षी पाळायचेत. 500 अंड्यांचं उबवणी मशीन 48 हजार, दिराच्या जागेत शेड 70 हजार, टर्कीची 200 अंडी 20 हजार, खाद्य किलोला 40 रुपयांनी 40 हजार, लस, लाईट, बाकी किरकोळ 22 हजार. 200 अंड्यांतून 180 पिल्लं, त्यातली 100 महिन्याची करून अंडीवालाच 500 रुपयांनी परत घेणार, उरलेली 80 नाताळला अडीच हजारांनी विकायची. विचारतात, करू का?

ताई, एफडी मोडू नका. कोंबड्या मात्र वाढवा. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

पहिलं ते 180. बाहेरून आणलेली अंडी एसटीत, टेम्पोत हादरे खात येतात, त्यात काही फलितच नसतात, आणि तुम्ही मशीन पहिल्यांदाच चालवणार. कोंबडीचं अंडं 21 दिवसात फुटतं, टर्कीला 28 लागतात, म्हणजे एक आठवडा जास्त लाईटवर भरवसा. साडेसदतीस डिग्री धरून ठेवायची, शेवटच्या तीन दिवसात अंडी फिरवणं बंद करून दमटपणा वाढवायचा, आणि नेमकी त्याच रात्री लाईट गेली तर काय, इन्व्हर्टरचा खर्च तुमच्या यादीत नाहीये. मी पहिल्या खेपेला निम्मीच धरतो, 100. पुढे टर्कीची पिल्लं सुरुवातीला इतकी मठ्ठ असतात की समोर दाणा-पाणी असून उपाशी मरतात, चोच बुडवून शिकवावं लागतं, त्यामुळे महिन्याअखेर 75 हातात राहिली तरी मी खूश होईन.

दुसरं खाद्य. इथे तुमचा हिशोब सगळ्यात जास्त चुकलाय. नर टर्की 24 आठवड्यात साधारण 25 किलो खातो, मादी 18, सरासरी 21 धरू. तुमच्याच 80 पक्ष्यांना 1680 किलो, तुम्हीच लिहिलेल्या 40 रुपये दराने 67,200 झाले. तुम्ही धरलेत 40 हजार, आणि त्यातच बाकीच्या 100 पिल्लांचं महिनाभराचं खाद्यही बसवलंय. लसूणघास, पालापाचोळा यावर थोडं वाचेल, पण पहिले काही आठवडे नाही, तेव्हा पिल्लांना 28 टक्के प्रोटीनचं महाग खाद्यच लागतं. म्हणजे मध्येच कधीतरी खाद्याचे पैसे संपणार आणि मग गळ्यातलं गहाण ठेवायचा विषय निघणार. असं मी आधी पाहिलंय.

त्यात पावसाळा. नाताळच्या आधी 20 डिसेंबरला विकायची तर 28 आठवडे मागे मोजा, चार उबवणीचे आणि चोवीस वाढीचे. अंडी 7 जूनच्या आसपास मशीनमध्ये, पिल्लं जुलैच्या सुरुवातीला. ऐन पावसात लाईटचा खेळ, ओलं भुसकट, गारठा. आणि नाताळ हुकला तर? गावरान कोंबडा आखाडात दारातून उचलून नेतात, श्रावणात भाव पडला तरी महिन्याभराचा प्रश्न असतो. टर्की मात्र आठवडी बाजारात कोण घेणार हो? तिची गिऱ्हाईकं पुण्या-मुंबईची हॉटेलं, गोवा, तेही मुख्यतः डिसेंबरात. न विकलेला पक्षी रोज खातच राहतो.

आता तो "परत घेणार" वाला. तो तुम्हाला 100 रुपयांनी अंडं विकतोय, त्याचा धंदा तिथेच झाला. पिल्लं घेणं ही त्याची गरज नाही. 2012 साली तामिळनाडूत पेरुंदुराईला ईमूचं, म्हणजे शहामृगासारख्या मोठ्या पक्ष्याचं, हेच झालं, 2019 ला आपल्या सांगलीत कडकनाथ कोंबड्यांचं. पक्ष्यात खोट नव्हती, परत घेणाऱ्याच्या शब्दावर लोकांनी पैसे लावले आणि ते बुडाले. त्याला म्हणा लेखी करार कर आणि 25 टक्के आगाऊ दे. बघा काय म्हणतो ते.

शेड दिराच्या जागेत म्हणताय. दीर चांगलेच असतील, पण 70 हजारांचं बांधकाम त्यांच्या सातबाऱ्यावर उभं राहणार. शिवाय ज्या जागेत कोंबड्या फिरल्यात तिथे टर्की ठेवू नये, कोंबड्यांच्या जंतांमधून टर्कीला ब्लॅकहेड नावाचा रोग होतो, कोंबडीला फारसं काही होत नाही आणि टर्की पटापट मरते. म्हणजे परसही कामाचं नाही.

कुणी सबसिडी सांगितली असेल तर, राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के, कमाल 25 लाख मिळतात हे खरंय, पण ते 1000 मातृपक्ष्यांच्या, म्हणजे उबवणीची अंडी देणाऱ्या पक्ष्यांच्या, युनिटला. आपण त्यात बसत नाही.

मग काय करायचं? 60 अंड्यांचं लहान मशीन घ्या आणि स्वतःच्याच कोंबड्यांची अंडी लावा. अंडी फुकट, चूक झाली तर शिकायला मिळतं. सातव्या दिवशी मोबाईलच्या टॉर्चवर बघून वांझ अंडी काढून टाका. दोन कोंबड्या खुडूक झाल्या तर दहा-बारा अंडी त्यांच्याखालीही ठेवा, त्यांना लाईट लागत नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यातच लासोटा लस द्या, मानमोडी (राणीखेत) आली की खुराडं रिकामं करून जाते. सगळं मिळून 25 हजारांच्या आत बसवा. तेवढेही हाताशी नसतील तर एफडी न मोडता तिच्यावरच कर्ज मिळतं, एफडीच्या दरापेक्षा टक्का-दोन टक्के जास्त व्याज. टर्कीची हौसच असेल तर पुढच्या वर्षी दहा पिल्लं आणा, गिऱ्हाईक आधी ठरवून.

आणि हिशोबाच्या वहीत तुमचे तासही लिहा. रात्री तीनला उठून दिवसा शिलाई मशीनवर झोप येत असेल तर शिवणाचे सहा हजार कमी होतील, तो खर्च कोंबड्यांच्याच नावावर टाकायचा. कुक्कुटपालनाचं उत्पन्न इन्कम टॅक्सला शेतीचं धरत नाहीत, म्हणून पण वही हवीच.

मशीनवाल्याला 5 हजार टोकन दिलंय म्हणालात. ते बुडेल म्हणून मोठं मशीन उचलू नका. त्याच्याकडेच लहान मशीन मागा आणि टोकन त्यात वळतं करून घ्या, पावती मात्र आजच मागून ठेवा.